चिखलातला बाजार आणि लाल गाडी



आगीचा बंब तुम्ही पाहिला असेलच. घंटा घणघणली की आपण हातातलं काम टाकून खिडकीकडे धावतो. लाल रंग, चकाकणाऱ्या शिड्या, हेल्मेट घातलेले जवान! पण मला एक सांगा, हा बंब विकत कोण घेतं? तो कुठल्या दुकानात मिळतो? आणि त्यात काय काय असावं, हे कोण ठरवतं?

तुम्ही म्हणाल, "त्यात काय! महापालिका नाहीतर नगरपालिका घेते." बरोबर. आपल्या शहरांत तसंच आहे. जवानांना पगारही तीच देते. पण आज मी तुम्हाला अशा ठिकाणी नेणार आहे, जिथे बंबावर बसणाऱ्या माणसांना पगारच नाही. आणि गंमत म्हणजे नवी गाडी हवी असेल तर तिचे पैसेही बरेचसे त्यांनाच जमवावे लागतात!

हे ठिकाण आहे अमेरिकेत. पेनसिल्व्हेनिया राज्यातला लँकेस्टर जिल्हा. फिलाडेल्फिया शहरापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर. तिथल्या छोट्या गावांत स्वयंसेवकांची अग्निशमन दलं असतात. म्हणजे दिवसा कोणी सुतारकाम करतं, कोणी शाळेत शिकवतं, कोणी गाई पाळतं. कमरेला लावलेलं यंत्र वाजलं की ही माणसं असतील तशी उठतात. कोणी ताटावरून उठतो, कोणी झोपेतून. केंद्रावर जाऊन अंगावर जाड कोट चढवतात आणि गाडी घेऊन निघतात. पहाटे परत येतात, तोंड धुतात आणि आपापल्या कामाला लागतात.

अशी माणसं थोडीथोडकी असतील असं वाटतं ना? तर मग हा आकडा पाहा. २०२० साली अमेरिकेत अग्निशमनाचं काम करणारे दहा लाखांहून अधिक लोक होते. त्यातले सुमारे ६,७६,९०० स्वयंसेवक होते. म्हणजे शंभरात पासष्ट! जर्मनीतही अशा स्वयंसेवकांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात तर अग्निशमनाचं काम स्वयंसेवकच करतात.

ही पद्धत जुनी आहे बरं का. वादळात पतंग उडवून विजेचा अभ्यास करणारा बेंजामिन फ्रँकलिन तुम्हाला ठाऊक आहे. त्याने ७ डिसेंबर १७३६ रोजी फिलाडेल्फियात शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून एक अग्निशमन मंडळ काढलं. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान भरून बाहेर काढायला मजबूत पिशव्या तयार ठेवायच्या, असा करार होता. दर महिन्याला सभा. सभेला दांडी मारली की दंड! आणि त्या दंडाच्या चिल्लर पैशांतून पुढे काय घेतलं असेल? पाण्याचे पंप, शिड्या आणि आकडे! म्हणजे पहिल्यापासूनच गाडी-घोड्याचे पैसे असे कणाकणाने जमत आले आहेत.

आता आपण एक खेळ खेळू या. लँकेस्टर जिल्ह्यातलं एक छोटं गाव मनाशी आणा. नाव काहीही ठेवा. तिथल्या दलाची बचावगाडी म्हातारी झाली आहे. नवी घ्यायची आहे. त्यासाठी समिती नेमली आहे, आणि त्या समितीत तुम्ही आहात! बसा खुर्ची ओढून.

आधी कोरा कागद

बचावगाडी म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. बंबात पाण्याची टाकी आणि पंप असतो. बचावगाडीचं मुख्य काम पाणी मारणं हे नाही. अडकलेल्या माणसाला सोडवणं हे आहे. चेपलेल्या मोटारीत अडकलेला, यंत्रात हात गेलेला, खड्ड्यात पडलेला. थोडक्यात, ही चाकांवरची हत्यारांची प्रचंड पेटी!

आपली जुनी गाडी पंचवीस वर्षांची आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून तिथे रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने गाडीचा सांगाडा पोखरला आहे. जनरेटर दर वेळी खोकतो. कप्पे इतके भरले आहेत की एक हत्यार काढायला आधी तीन काढावी लागतात. तुम्ही म्हणाल, अजून धावते ना, मग धावू दे! पण जाणकारांचा सल्ला असा की पंधरा वर्षांनंतर गाडी राखीव ठेवावी आणि पंचवीस वर्षांनंतर कामातूनच काढावी. कारण ती बंद पडेल ती नेमकी कोणाच्या तरी जिवावरच्या वेळी.

पहिल्या सभेत सगळ्यांच्या हातात रंगीत माहितीपत्रकं असतात. कोणी म्हणतं, "ही घेऊ, काय दिमाखदार आहे!" कोणी म्हणतं, "पलीकडच्या गावाने घेतली त्याहून मोठी घेऊ!" अशा वेळी एखादी शहाणी बाई ती पत्रकं बाजूला सारते आणि टेबलावर दलाची वही ठेवते. गेल्या काही वर्षांत आपल्याला कशाकशासाठी बोलावणं आलं, ते त्या वहीत लिहिलेलं असतं.

"गाडी कशी हवी ते नंतर. आपल्या गावात माणसं कुठे कुठे अडकतात, ते आधी सांगा."

खरी सुरुवात इथे होते. वही चाळली की गाव दिसू लागतं. जवळून ३० नंबरचा मोठा हमरस्ता जातो. त्यावर मालमोटारींची वर्दळ. त्याच भागात आमिश लोकांच्या घोडागाड्या चालतात. (आमिश म्हणजे साधेपणाने राहणारा एक ख्रिस्ती पंथ. ते स्वतःची मोटार बाळगत नाहीत.) अंधारात मोटार आणि घोडागाडी यांची टक्कर झाली तर काय होईल, कल्पना करा. मग शेतं. आपल्याकडे मुरघास करतात ना, तसा तिथे उंच गोल कोठारात गुरांचा चारा साठवतात. त्यांना सायलो म्हणतात. शेणाचे मोठे खड्डे असतात, त्यात विषारी वायू साठतो. विहिरीत किंवा बायोगॅसच्या टाकीत उतरलेला माणूस गुदमरल्याच्या बातम्या आपणही वाचतो. तोच धोका तिथेही.

म्हणजे आपल्या गाडीला काय काय लागणार, हे माहितीपत्रकाने नाही, त्या वहीने सांगितलं. हो की नाही?

लोखंडी जबडा आणि लाकडी ठोकळा

आता हत्यारं निवडू या. पहिला मान 'जीवनाच्या जबड्या'चा! अमेरिकेत त्याला याच अर्थाच्या नावाने ओळखतात. पूर्वी चेपलेल्या मोटारीतून माणूस काढायला पहार, करवत असली साधनं वापरत. वेळ लागे, करवतीच्या ठिणग्या उडत, आणि खाली पेट्रोल सांडलेलं! जॉर्ज हर्स्ट नावाचा एक माणूस मोटारींच्या शर्यतींसाठी सुटे भाग बनवत असे. शर्यतीत गाडी आपटली की आतल्या चालकाला बाहेर काढायला फार वेळ लागतो, हे त्याला खटकलं. त्यातून १९६०च्या दशकात हे यंत्र निघालं. पोपटाच्या चोचीसारखी दोन पाती. ती दाराच्या फटीत घालायची आणि कळ दाबायची. पाती फाकतात आणि दार उघडतं. दुसरं यंत्र कातरीसारखं, मोटारीचे खांब कापणारं.

यात जादू नाही, पास्कलचा नियम आहे. बंद नळीतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो. जेसीबीचा हात याच नियमाने उचलला जातो. या यंत्रातल्या तेलाचा दाब आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे सातशे पट असतो! आता तर बॅटरीवर चालणारे जबडेही मिळतात. लांबलचक नळ्या ओढत न्यायला नकोत.

पण थांबा. समितीतला मेकॅनिक हात वर करतो. "आपली कातर जुन्या मोटारींसाठी होती. नव्या मोटारींचे खांब फार कणखर पोलादाचे असतात. जुनी कातर त्यावर अडून बसेल." शिवाय विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या. त्यांतल्या जास्त दाबाच्या विजेच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. त्या चुकूनही कापायच्या नाहीत. म्हणजे नवी गाडी घेताना मागच्या पंचवीस वर्षांचा विचार पुरत नाही, पुढच्या पंचवीस वर्षांचाही करावा लागतो.

दुसरं साधन पाहा. हवेची पिशवी. जाड रबराची, आत मजबूत धाग्यांची, रिकामी असताना जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीची. उलटलेल्या ट्रॅक्टरखाली ती सरकवायची आणि हवा भरायची. आता वही-पेन्सिल घ्या. पिशवी ६० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद. म्हणजे क्षेत्रफळ ३६०० चौरस सेंटिमीटर. हवा दर चौरस सेंटिमीटरला ८ किलोचा जोर लावते. गुणाकार करा पाहू! आलं २८,८०० किलो. जवळजवळ २९ टन! पिशवी फुगून गोल होऊ लागली की टेकणारा भाग कमी होतो आणि जोरही घटतो, पण सुरुवातीला एवढी ताकद त्या चपट्या पिशवीत असते.

आणि तिसरं साधन? लाकडाचे साधे ठोकळे! हसू नका. पिशवी फुटली किंवा घसरली तर ट्रॅक्टर पुन्हा त्याच माणसावर पडेल. म्हणून नियम आहे, इंचभर उचला आणि इंचभर ठोकळा सरकवा. उचललेलं ओझं कधीही नुसत्या हवेच्या भरवशावर सोडायचं नाही. लाखमोलाच्या यंत्रांशेजारी त्या लाकडी ठोकळ्यांचा मोठा कप्पा प्रत्येक बचावगाडीत असतो, तो यासाठी.

दार केवढं आहे?

यादी वाढत चालली. प्रकाश पाडणारा उंच खांब हवा. विषारी वायूत शिरायला श्वासाची नळकांडी हवीत. दोर हवेत. धान्यात रुतलेल्या माणसाभोवती उभ्या करायच्या पट्ट्या हव्यात. पुरासाठी बोट हवी. मग कोणीतरी विचारतं, "अहो, पण आपल्या केंद्राचं दार केवढं आहे?"

एकदम शांतता! गाडी केंद्रात मावली नाही तर कोट्यवधींची वस्तू पावसात उभी राहणार. म्हणून समितीचं पहिलं खरं हत्यार म्हणजे मोजपट्टी. दाराची उंची, खोली, ओढ्यावरच्या जुन्या पुलाला पेलणारं वजन, शेताकडे वळणाऱ्या अरुंद रस्त्याचं वळण, सगळं मोजायचं.

मग वजनाची बेरीज. गंमत पाहा, प्रत्येक जवान धरायचा २५० पौंडांचा, म्हणजे सुमारे ११३ किलोचा. इतके का ते जाडजूड असतात? नाही हो! कोट, बूट, हेल्मेट सगळं धरून. हा हिशेब एनएफपीए नावाच्या संस्थेच्या नियमांत आलेला आहे. ती १८९६ साली स्थापन झाली. अग्निशमनाच्या गाड्या कशा असाव्यात, याचे नियम ती ठरवते. त्यांतले काही ऐका. बारा टनांच्या आसपास किंवा त्याहून जड गाडीचा वेग ताशी ६८ मैलांच्या, म्हणजे सुमारे १०९ किलोमीटरच्या वर जाता कामा नये. गाडी उलटण्याचा धोका तपासताना ती कलत्या फळीवर उभी करून २६.५ अंशांपर्यंत कलवणं, ही एक कसोटी. मागच्या बाजूचा निदान निम्मा भाग चमकणाऱ्या तिरप्या पट्ट्यांनी रंगवलेला हवा, म्हणजे रात्री मागून येणाऱ्याला गाडी लांबूनच दिसेल. आणि प्रत्येक बसणाऱ्याला पट्टा हवाच.

एवढी काळजी कशाला? कारण जवान नेहमी ज्वाळांतच मरतात असं नाही. बोलावण्यावर जाताना गाडी उलटून किंवा आदळूनही अनेकांचा जीव गेला आहे. मदतीला निघालेला माणूस आधी पोचला तरच मदत होते ना!

बेरीज झाली. आणि ती ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली. काहीतरी गाळायलाच हवं.

आता मत तुम्ही द्या. तीन गोष्टींतली एक काढायची आहे. प्रकाशाचा खांब, जबड्यांचा दुसरा संच की बोट? घाई करू नका. खांब काढला तर काळोखात काम. दुसरा संच काढला तर दोन मोटारी एकमेकींवर आपटल्या की एकाच मोटारीतल्या माणसाला आधी सोडवता येईल. बोट काढली तर पूर आला की हात चोळत काठावर उभं राहायचं.

आपल्या कल्पनेतल्या समितीने बोट काढली. का? वहीत पाहिलं, तर पुराचं बोलावणं क्वचित आणि मोटारींच्या टकरी वारंवार. शिवाय शेजारच्या गावाच्या दलाकडे बोट आहे. तिथून ती यायला दहा मिनिटं जास्त लागतील.

दहा मिनिटं! बोलायला सोपं आहे. पण समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की एखाद्या पावसाळी रात्री ती दहा मिनिटं कोणाच्या तरी वाट्याला येतील. ते कोणीतरी ओळखीचंच असेल, कारण गावात सगळेच ओळखीचे. तरीही सही करावी लागते. सगळं घेतलं तर गाडी जड होईल, पुलावरून जाणार नाही आणि सगळ्यांनाच उशीर होईल. म्हणून समिती आणखी एक काम करते. शेजारच्या दलाशी लेखी ठरवून टाकते, की पुराचं बोलावणं आलं की कोणी मागण्याची वाट न पाहता त्यांची बोट त्याच क्षणी निघेल. त्याबदल्यात त्यांच्या हद्दीत मोठा अपघात झाला की आपले जबडे आपोआप निघतील. गाळलेली वस्तू अशी शेजारधर्माने भरून काढायची.

गोधड्या, डोनट आणि चिखल

आता पैसे. मोठी, पूर्ण सज्ज बचावगाडी आज दहा लाख डॉलरच्या घरात किंवा त्याच्याही वर जाते. आपल्या हिशेबात आठ कोटी रुपयांहून जास्त! छोट्या गावाने आणायचे कुठून?

थोडे गावाच्या करातून. थोडे कर्ज. पेनसिल्व्हेनियात अशा दलांना कमी व्याजाने कर्ज देणारी सरकारी योजना आहे. २००१ सालापासून केंद्र सरकारही अनुदान देतं. पण ते मागणारे पुष्कळ, मिळतं थोड्यांना, आणि मिळालं तरी स्वतःचा काही वाटा घालावाच लागतो. उरलेलं? आपल्याकडे गणपतीची वर्गणी गोळा करायला मंडळाची पोरं दारोदार फिरतात ना? तिथे रविवारी सकाळी केंद्रात गाव जेवायला येतं. जवान स्वतः तव्यावर गोड धिरडी घालतात, कोंबड्या भाजतात आणि तिकिटं फाडतात.

पण लँकेस्टर जिल्ह्याची खासियत वेगळीच आहे. तिथे वसंत ऋतू जवळ आला की अनेक दलं 'चिखलाचा बाजार' भरवतात. खरंच, नावच तसं आहे! बर्फ वितळून जमीन भिजलेली असते. हजारो पावलांनी मैदानाचा रबडा होतो. स्ट्रासबर्ग, गॉर्डनव्हिल अशा गावांतले हे बाजार प्रसिद्ध आहेत. तिथे लिलाव होतात. घोडागाड्या, नांगर, खुर्च्या, घोडे, चारा आणि हातांनी शिवलेल्या सुंदर गोधड्या. एकाच वेळी मैदानात अनेक लिलाव करणारे ओरडत असतात. कढईत डोनट तळले जात असतात. सूपची वाफ निघत असते. विक्रीतला हिस्सा आणि दान मिळालेल्या वस्तूंची किंमत दलाच्या पेटीत पडते.

आणि त्या गोधड्या कोण शिवतं? बऱ्याचशा आमिश बायका. हिवाळाभर चार-सहाजणी मिळून एकेक टाका घालतात. ज्या घरात मोटार नाही, त्या घरातली बाई दुसऱ्याला मोटारीतून सोडवणाऱ्या गाडीसाठी टाके घालते आहे! एवढंच नाही, आमिश पुरुषही या दलांत जवान असतात. ते गाडी चालवत नाहीत, स्टिअरिंगवर दुसरा कोणी बसतो. पण बोलावणं आलं की ते गाडीत चढतात आणि आगीसमोर उभे राहतात. नियम त्यांचा, माणुसकी सगळ्यांची.

आता कळलं ना, माहितीपत्रकातल्या दिमाखापेक्षा ती वही का मोठी? त्या पेटीतला एकेक डॉलर कोणाच्या तरी बोटाला सुई टोचून आलेला आहे. तो चकचकाटावर उडवायचा नसतो.

धक्का द्या, धक्का!

मग समिती मागणीपत्रक लिहिते. कप्प्याची खोली किती, पायरीची उंची किती, दिवा कुठे, एकेक गोष्ट. पानंच्या पानं भरतात. त्यावरून निविदा मागवतात. सर्वांत स्वस्त तीच घ्यायची असं नाही. मागितलेलं सगळं कोण देतं आणि बिघडल्यावर दुरुस्तीला कोण येतं, तेही पाहायचं. मग कारखान्यात काम सुरू होतं. समितीतले लोक तिथे जाऊन आराखडा पाहतात, बांधणी चालू असताना डोकावतात आणि शेवटी तपासून ताब्यात घेतात. २०२० नंतर कारखान्यांकडे मागण्या इतक्या साचल्या, की गाडी हातात यायला दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागू लागली. पहिल्या सभेच्या वेळी सहावीत असलेली मुलगी तोवर दहावीत जायची!

गाडी आली की लगेच कामाला लागते का? नाही. आधी सराव. कुठलं हत्यार कुठल्या कप्प्यात, हे अंधारात, हातमोजे घालून, हात लावताच समजलं पाहिजे. डॉक्टर अपघातानंतरच्या पहिल्या तासाला फार जपतात. त्या तासातला एक मिनिटही "अरे, ते कुठे ठेवलंय?" यात जाता कामा नये.

आणि मग एका रविवारी सगळं गाव केंद्रासमोर जमतं. शेजारच्या गावांतल्या गाड्याही येतात. नव्या गाडीवर पाण्याचे फवारे उडवतात. नंतर गाडी केंद्राच्या दाराशी पाठमोरी उभी राहते. चालक स्टिअरिंगवर असतो, पण ती आत ढकलतात ती माणसं! जवान, त्यांच्या बायका, आईबाबा, आजीआजोबा आणि चिल्लीपिल्लीसुद्धा गाडीला हात लावतात. पूर्वी पंपाच्या गाड्या घोडे ओढत. घोड्यांना गाडी मागे रेटत दारातून आत नेणं जमत नसे. म्हणून घोडे सोडून माणसंच गाडी आत ढकलत. घोडे गेले, पण रीत राहिली.

एवढी जड गाडी मुलांच्या हातांनी हलते का? खरं सांगायचं तर इंजिन थोडी मदत करतं! पण त्या दिवशी ज्याने ज्याने हात लावला, त्याला आयुष्यभर वाटतं की ही गाडी आपली आहे. आणि ती खरोखरच त्याची असते.

आता तुमच्यासाठी एक गृहपाठ. आपल्या गावाला गाडी कशी हवी, हे त्या समितीने वहीतून आणि मोजपट्टीने शोधलं. तुम्हीही एक वही काढा आणि मोठ्या माणसांना सोबत घेऊन आपल्या गल्लीतून किंवा सोसायटीतून फेरी मारा. बंब अडीच मीटर रुंद असतो असं धरा. तो तुमच्या दारापर्यंत येईल का? वाटेत कोणाच्या स्कूटर, कोणाच्या कुंड्या, कोणाचा मांडव? लोंबणाऱ्या तारा? कमान केवढी? जिन्यात सामान आहे का? जे सापडेल ते लिहा आणि घरात वाचून दाखवा. आई-बाबांनो, मुलांनी यादी दाखवली तर "तुला काय करायचंय" म्हणू नका. ती यादी घेऊन सोसायटीच्या सभेला जा. आणि हो, अग्निशमन दलाचा नंबर १०१ आणि सगळ्या संकटांसाठीचा ११२, हे दोन्ही दाराजवळ लावून ठेवा.

बंब विकत घेणं आपल्या हातात नसेल. पण तो आला तर त्याला वाट मोकळी ठेवणं तर आहे ना? त्याला गोधडी शिवावी लागत नाही, डोनट तळावे लागत नाहीत. फक्त एक स्कूटर बाजूला लावावी लागते.

काय सापडलं ते मला कळवाल ना?

तुमचा,
काका